हंड्याखालची चिठ्ठी

जीजी,

आज सोमवार. तुमचा तांब्याचा हंडा सकाळी चिंचेनं घासला आणि उन्हात पालथा घातला. तो वाळेपर्यंत काय करावं ते सुचेना, म्हणून ही वही घेऊन बसले. वही तुम्हीच दिलेली. हिच्यात तुम्ही सांगाल तेवढंच लिहायचं, असं आपलं ठरलेलं होतं. आज पहिल्यांदा तुम्ही न सांगता लिहिते आहे आणि तेही मराठीत. रागावू नका.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. घराला कुलूप आहे. तरी दुपारचे साडेतीन वाजले की माझे पाय आपोआप चपलेत जातात. परवा तर स्टेशन रोडपर्यंत आले होते. मग आठवलं, आणि उगीच भाजीच्या गाड्यापाशी उभी राहून मेथीची जुडी घेतली. घरी मेथी होतीच.

तुमच्याकडे मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायचं, त्यामुळे साडेपाचला माझं सगळं आवरलेलं असे. मला घरी जायची घाई नसते, हे तुम्ही पहिल्याच वर्षी ओळखलं. एकदा मी चहापत्तीचा रिकामा पुडा हातात धरून बसले होते. तुम्ही विचारलं, "काय वाचून राह्यलीस?" मी पुडा खाली ठेवला. म्हटलं, "वाचता कुठं येतं जीजी. इंग्रजी हाय ते."

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि मी चौथीत शाळा सोडली. वाटूरच्या पुढं आमचं गाव. धाकट्या दोघांना सांभाळायला घरात कुणी नव्हतं. पुढं भाऊ पाचवीत गेला तेव्हा त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकाला पेपरचं कव्हर मीच घातलं होतं. आत चित्रं होती आणि चित्रांखाली मुंग्यांसारखी अक्षरं. मी त्यावर बोट फिरवून पाहिलं होतं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तुम्हाला त्या दिवशी सांगितली. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे एका वर्षानं चुकामूक झाली तुमची." जणू मी आणि इंग्रजी वेगवेगळ्या गाड्यांनी निघालो होतो.

एबीसीडी तुम्ही मला सहा महिन्यांत शिकवली, बियाण्याच्या पिशव्यांवरून, औषधांच्या पाकिटांवरून. मग म्हणालात, "आता वाक्यं नको. वाक्यं फार लांब असतात, तू घाबरशील. आपण लहान लहान तुकडे करू." आणि पीठ मळता मळता मला चार प्रश्न पाठ करायला लावले. कुठं, कुणाच्या, कशा, कशात. इन, माय, ओल्ड, बॅग. माझ्या जुन्या पिशवीत.

त्यावरून आपलं किती भांडण झालं. मी म्हणायचे, आपली भाषा बरी. आधी माणूस येतो, मग त्याची पिशवी, आणि शेवटी आत का बाहेर ते कळतं. तुमचं इंग्रजी म्हणजे घरात शिरायच्या आधीच सांगतं, आत हाय. कशाच्या आत, कुणाच्या आत, काही पत्ता नाही. तुम्ही म्हणायच्या, "बिलकुल उलटं. अंधारात कुणी हात धरला तर बरं वाटतं का नाही? ते आधी हात धरतात, मग नेतात." मी म्हणायचे, "ओळख न्हाई पाळख न्हाई, आधीच हात कशाला धरायचा?" तुम्ही हसून हसून खोकायला लागायच्या. त्या भांडणाचा निकाल लागला नाही, जीजी. मला वाटायचं, लागेल कधीतरी.

चिठ्ठ्या तुम्ही नंतर सुरू केल्या. दर सोमवारी एक. तुमच्या शाईच्या निळ्या पेनानं लिहिलेली, मैद्याच्या खळीनं चिकटवलेली. हातातल्या चिठ्ठीत पुढच्या सोमवारची चिठ्ठी कुठं सापडेल ते असायचं. चिठ्ठी वाचली नाही तर पुढची मिळायची नाही. आणि तुम्ही कधी विचारायचं नाही, सापडली का. मीही सांगायचं नाही. मी सापडलेली चिठ्ठी वहीत चिकटवली की तुम्हाला समजायचं. अंडर द ब्लू बकेट. बिटविन माय टू पिलोज. इन द बिग राइस टिन. मी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली आणि तुम्ही बाहेर पेपर वाचायचं सोंग करत बसलेल्या. पेपर उलटा धरलेला मी एकदा बघितला होता. बोलले नाही.

एकदा चिठ्ठीत होतं, बिहाइंड माय फॅट हजबंड. मग भीत भीत विचारलं, "जीजी, फॅट म्हणजे?" तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "जाडा. होतेच ते. बघ जल्दी." चिठ्ठी मालकांच्या फोटोच्या मागं होती. चंदनाचा हार बाजूला सारताना मी त्यांना मनातल्या मनात माफ करा म्हटलं. तुम्ही आतून ओरडलात, "त्यांना गुदगुल्या होतील, हळू." तुम्ही सव्विसाव्या वर्षी विधवा झालात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की या बाईचं आणि त्या फोटोतल्या माणसाचं अजून रोज बोलणं होत असेल.

आता एक गोष्ट लिहिते. तुमच्यासमोर कधी बोलले नसते.

पहिली सात वर्षं माझा चहाचा कप वेगळा होता. खिडकीत पालथा घातलेला असायचा. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं की वेगळा ठेव. मी आले तेव्हा आधीच्या बाईचा कप तिथं होता, तोच माझा झाला. माझ्या मनात काही नव्हतं असं नाही. पण तुम्ही माझ्याशी इतकं चांगलं वागायच्या, की त्या कपाचं बोललं तर आपणच वाईट ठरू असं वाटायचं. मग एका सोमवारी चिठ्ठी सापडली. इन युवर व्हाइट कप. पुढच्या सोमवारी मी खिडकीत गेले तर कप नाही. मोरीत नाही, टोपलीत नाही. शेवटी बघितलं तर तो तुमच्या कपांच्या रांगेत, फळीवर, दोन कपांच्या मध्ये. आत घडी केलेली चिठ्ठी. ऑन अवर किचन शेल्फ.

"जीजी, हे अवर नवीन हाय."

"आपल्या."

"आपल्या म्हणजे तुमच्या?"

"आपल्या म्हणजे आपल्या. चहा टाक."

त्या दिवशी चहा उतू गेला. सात वर्षं कप तिकडे का राहिला, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. पुढच्या चिठ्ठ्यांत मात्र माय कमी झालं. अवर ओल्ड क्लॉक. अवर स्मॉल विंडो. घरी जाताना मी रस्त्यानं मनात म्हणत जायचे. नियर द बिग नीम ट्री. बिहाइंड द सीड शॉप. बरोबर चालणाऱ्या कुणाला कळायचं नाही की ही बाई इंग्रजीत चालून राह्यली.

पण मनातच. तोंडातून माझ्या अख्खा तुकडा फुटायचा नाही. लिहायला सांगा, शोधायला सांगा, वाचून दाखवायला सांगितलं की माझी मान खाली. तुम्ही किती समजावलंत. "अगं, भिंतीला सांग. हंड्यात तोंड घालून सांग, मी कान बंद करते." मी हसायचे आणि उठायचे. आमचे हे म्हणतात, लग्नानंतर वर्षभर त्यांनी माझा आवाज नीट ऐकला नव्हता. तसंच आहे ते. माणूस समोर असलं की माझ्या गळ्याशी कुणीतरी दार लावून घेतं.

तो शेवटचा सोमवार मला पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी होती. अंडर अवर ओल्ड कॉपर पॉट. मी ओळखलं. हंडा मी आल्या आल्याच घासून अंगणात पालथा घातला होता, त्याच्या खाली काही नव्हतं. म्हणजे ती तुम्हाला अजून चिकटवायची होती. घरात पाहुणे होते. तुमचा पुतण्या, त्याची बायको म्हणजे तुमच्या सूनबाई, त्यांची आई. पुण्याची माणसं. मी भाकरी थापत होते आणि तुम्ही हाक मारलीत.

"मथुरा, बाहेर ये जरा."

मी पिठाच्या हातानंच आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "ही माझी शेवटची विद्यार्थिनी. मथुरा, यांना सांग बरं, पुढची चिठ्ठी कुठं आहे. इंग्रजीत सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. सूनबाई चांगल्या आहेत, त्या कौतुकानंच हसल्या असतील. पण मला ते हसणं दिसलं आणि माझ्या हातावरचं पीठ दिसलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "अंडर." धरायला हात दिल्यासारखं. मी गप्प. "अंडर..." मी गप्प. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला. मी आत गेले, गॅस बंद केला आणि मागच्या दारानं घरी निघून गेले.

मंगळवारी आले नाही. बुधवारीही नाही. मला वाटलं, तुम्ही मला दाखवायला बाहेर काढलंत. पाहुण्यांना फराळाची बशी दाखवावी तसं. आज वाटतं, तुम्हाला मला दाखवायचंच होतं. अकरा वर्षांत तुमच्याकडे दुसरं काय नवीन झालं होतं दाखवण्यासारखं?

गुरुवारी आले. पाहुणे गेलेले. तुम्ही पलंगावर बसून होतात.

"आलीस?"

"आले."

"बरं नव्हतं का?"

"बरं व्हतं."

"मग?"

"मंग काही न्हाई."

आत गेले. हंडा तिवईवर होता, काठोकाठ भरलेला. तुम्हाला भरलेली बादली उचलत नव्हती, म्हणजे तांब्या तांब्यानं भरला असणार. चिठ्ठी खाली आहे हे मला पक्कं कळलं. आणि मी ठरवलं, बघायची नाही. सोमवारी घासायला काढू तेव्हा बघू. तुम्हालाही चार दिवस वाट बघू दे. मला कुठं माहीत होतं, की तो सोमवार तुमच्या वाटणीला नव्हता.

रविवारी सकाळी शेजारच्या भाभींचा फोन आला. त्यांनी नुसतं "जीजी" म्हटलं आणि थांबल्या. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी तुम्हाला घेऊन गेल्यावर घरात बायका होत्या, पण सगळ्या तुमच्या नात्यातल्या. मला कुठं बसावं कळेना. कुणाला मिठी मारून रडावं असं माझं तिथं कुणी नव्हतं. मग मी आमच्यात करतात ते केलं. आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून देतात, भांडी घासून पालथी घालतात. घरची लेक करते ते. तुम्हाला लेक नाही. भाभी म्हणाल्या, "मथुराबाई, आमच्यात नाही असं. आठ दिवसांनी नळ येतो, राहू द्या पाणी." मी ऐकलं नाही. पिंप ओतलं, कळशा ओतल्या, हंडा तिवईवरच कलता करून ओतला. शेजारून पाणी आणून सगळी भांडी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली. मी काय करते आहे ते मला दिसत नव्हतं, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. एकामागून एक भांडं घासत गेले. हंडा हातात आला, मी तो उलटा केला, बुडाला चिंच लावली आणि जोर लावून घासलं.

बोटांत काहीतरी लगदा आला. तेव्हा आठवलं.

निळा लगदा, जीजी. मी तो तळहातावर पसरला. नखानं उलगडला. खिडकीपाशी नेला. एक अक्षर लागलं नाही. शाई माझ्या हातावरच्या रेषांत उतरली होती, बस. तुमचं शेवटचं लिहिलेलं मी माझ्या हातानं घासून काढलं.

त्यात काय होतं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. नेहमीसारखी एखादी जागा असेल. किंवा पाहुणे गेल्यावर लिहिलेलं दुसरंच काही असेल. तुम्ही चुकलं म्हणणाऱ्यातल्या नव्हतात. पण तुम्ही कप फळीवर ठेवणाऱ्यातल्या होतात.

बारा दिवस मी रोज येत राहिले. उठावण्याला, म्हणजे तुमच्यातल्या भेटायला यायच्या बैठकीला, दाराजवळ बसले. माणसं येत होती, हात जोडत होती, तुम्ही शाळेत शिकवलेल्या पोरी आता बाया झालेल्या, त्या रडत होत्या. मी मात्र शोधत होते. केर काढायच्या निमित्तानं पलंगाखाली. कपडे घडी करताना उशांच्या मध्ये. फोटोच्या मागं. घड्याळाच्या वर. डब्यांच्या आत. इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिटविन. तुम्ही शिकवलेल्या सगळ्या जागा मी पालथ्या घातल्या. मला ठाऊक होतं, की आधीची वाचल्याशिवाय तुम्ही पुढची लावत नव्हतात. तरी शोधलं. डब्यांच्या मागं तुमचा हरवलेला अडकित्ता सापडला. ज्या अडकित्त्यावरून तुम्ही दोन वर्षं मला बोलत होतात, तो. तुम्हाला सांगायला मी वळलेसुद्धा.

बाराव्या दिवशी सूनबाई सामान आवरत होत्या. त्यांनी कपाट उघडून बघितलं, उशाखाली बघितलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं इंग्रजीत म्हणाल्या, की काकींचा चष्मा कुठं आहे. मला ते समजलं. आणि माझ्या तोंडून आलं, "इन हर ब्राउन पर्स. बिहाइंड द बेडरूम डोअर."

अख्खं. न अडखळता. मोठ्यानं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारामागं जाऊन पर्स काढली, चष्मा काढला, आणि तो छातीशी धरून रडायला लागल्या. त्या रडताना मी तुमच्या पलंगाकडे बघितलं. गादी गुंडाळलेली होती. अकरा वर्षं तुम्ही ज्याची वाट बघितली, ते तुम्ही सोडून सगळ्या घरानं ऐकलं.

निघताना त्या म्हणाल्या, "काकींची आठवण म्हणून काहीतरी घ्या." मी हंडा मागितला. त्यांना वाटलं असेल, तांबं आहे म्हणून मागते. वाटू दे.

तुमचा हंडा माझ्या घरात फळीवर बसत नाही, म्हणून खाली विटांवर ठेवलाय. आज तो घासायला काढताना भरलेला होता. मी एकटीनं उचलायला गेले तर जागचा हलेना. मग तांब्या तांब्यानं रिकामा करत बसले. हे म्हणाले, "काय करून राह्यलीस?" म्हटलं, "रिकामा करते. भरलेला उचलत न्हाई मला." एवढं बोलले आणि हातातला तांब्या तसाच राहिला.

जीजी, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तुम्ही सारखं पाणी मागत होतात. "मथुरा, पाणी दे." अर्ध्या तासानं पुन्हा, "हंड्यातलं दे." तुम्ही एरवी दिवसाला चार पेले पीत नव्हतात. डॉक्टर ओरडायचे तरी पीत नव्हतात. मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलंही, "इतकं पाणी कशाला लागतं तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "उकडतंय." तुळशीला हंड्यातलं, पाय धुवायला हंड्यातलं. शनिवारी पाणी तळाला लागलं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलात, भिंतीला धरून. मी पिंपातनं तांब्या भरून घेतला, हंड्याच्या तोंडावर गाळणं धरलं. तुम्ही म्हणालात, "राहू दे आता रिकामा."

आणि मी तुमच्याकडे न बघता म्हटलं, "नळाचा काय भरवसा जीजी," आणि वरून भरत राहिले.